हिरव्या तारेचं टोक

एकदा एक म्हातारा वायरमन एका घराचं नवं न्हाणीघर तपासायला गेला. आत दिवे लावून ठेवले होते, यजमान दारात उभे होते, चहा ओतलेला होता. म्हाताऱ्याने कशाकडेच पाहिलं नाही. अंगणातल्या नळावर त्याने बादली भरून घेतली, ती अंगणाच्या मधोमध नेली आणि महिन्याभरापूर्वीच बसवलेल्या गुळगुळीत पेव्हर ब्लॉकवर ओतून दिली. मग कमरेवर हात ठेवून, पाणी कुठे जातं ते पाहत उभा राहिला.

गोष्टीतल्या वृद्धांना असं काहीतरी करावंच लागतं, हे मान्य. पण यजमानांना आपण गोष्टीत आहोत हे ठाऊक नव्हतं. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या शालनकडे पाहिलं. शालन त्या म्हाताऱ्याची शिष्या. न्हाणीघराचं सगळं काम तिचं, आणि त्या क्षणी धरणी दुभंगली तर बरं, असं तिला झालं होतं. धरणीचं काय झालं ते पुढे येईलच. आधी ही माणसं कोण ते सांगतो.

हे गाव माळावरचं, तालुक्याचं. जमीन मुरमाड, कुदळ मारली तर ठिणगी उडेल अशी. या गावात चाळीस वर्षं ज्याने घराघरांत वीज खेळवली तो हा सोपानअण्णा. शालन चौतीस वर्षांची, आयटीआय झालेली, हातात वायरमनचा परवाना असलेली. गेली दहा वर्षं ती अण्णांबरोबर काम करत होती. अण्णांची शिकवण्याची पद्धत म्हणजे न बोलणं. चुकलं तर ते काढून टाकत आणि पुन्हा करायला लावत; बरोबर असलं तर पुढच्या खोलीत जात. शालनला आधी याचा संताप येई, नंतर सवय झाली, आणि नंतर नंतर अण्णा न बोलता पुढच्या खोलीत गेले की तिला दिवसभर पुरेल एवढा आनंद होऊ लागला.

दिवाळीनंतर अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा त्यांनी शालनला घरी बोलावून सांगितलं, "आता पुढचं काम तुझ्या नावानं घे. मी मधे येणार नाही. शेवटी एकदा बघून जाईन. पटलं, तर गावाला सांगेन की आता मला नको, शालनला बोलवा. नाही पटलं तर अजून एक वर्ष माझ्याबरोबर."

एक वर्ष म्हणजे काही जन्मठेप नव्हे. पण बाईने शिडीवर चढून तारा ओढणं अजूनही ज्यांच्या पचनी पडत नव्हतं, अशी माणसं त्या गावात होती. अण्णांनी तिला मागे ठेवलं तर ती काय म्हणतील, हे शालनला शब्दन् शब्द पाठ होतं. म्हणून ते पहिलं काम तिला जीव की प्राण झालं.

काम आलं ते अनंतशेठ वसगडेकरांचं. स्टीलच्या भांड्यांचं त्यांचं दुकान गावात जुनं. त्यांचे वडील आबा एक्क्याऐंशी वर्षांचे. जुन्या न्हाणीघरात एक मिणमिणता पिवळा दिवा होता. त्या उजेडात साबण कुठला आणि फरशी कुठली ते कळेना, आणि आबा पडले. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसली, आणि दोन महिने ते लेकीकडे मुक्कामाला गेले. परत यायची वेळ झाली तेव्हा त्यांनी फोनवर एकच अट घातली.

"अंघोळ मी एकट्यानं करणार. मला साबण लावायला कुणी आत आलं, तर मी इथंच बरा आहे."

आबांचा हट्ट म्हणून घरचे हसले. शालनला मात्र हसू आलं नाही. माणसाचं सगळं दुसऱ्यांच्या हाती गेल्यावर अंघोळ तेवढी स्वतःची राहते, हे तिने सासऱ्यांच्या आजारपणात पाहिलं होतं. तिने मनाशी ठरवलं की हे न्हाणीघर असं करायचं, की आबांनी दार लावून घेतलं तरी घरातल्या कुणाचा जीव टांगणीला लागू नये.

आणि तिने काम केलंही तसंच. छतात सहा गोल दिवे बसवले. शॉवरच्या वरचे दोन पाणी न शिरणारे घेतले. बटणं न्हाणीघराच्या बाहेर, आबांचा हात पोचेल अशा उंचीवर लावली. प्रत्येक जोड झाकणाच्या डबीत बंद केला; नुसती चिकटपट्टी गुंडाळून सोडलेला एकही नाही. प्रत्येक दिव्याला दोन तारांबरोबर तिसरी हिरवी तार नेली. ही हिरवी तार म्हणजे अर्थिंगची. दिव्यात कधी बिघाड होऊन त्याच्या पत्र्यात वीज उतरली, तर तिने माणसाच्या अंगातून न जाता या तारेने मुकाट जमिनीत जावं, एवढ्यासाठी ती असते. एरवी तिला काही काम नसतं.

छताचं काम करणारा कारागीर यावरून तिची चेष्टा करी. "शालनताई, दिव्याला कशाला अर्थिंग? वर छताला कोण हात लावतंय? आबा काय उडी मारणार आहेत?"

शालनने उलट आणखी एक तार ओढली. भिंतीवर आबांना धरायला स्टीलचा दांडा बसवला होता. आबा ओल्या हाताने तो धरणार, म्हणून तिने त्या दांड्यालाही हिरवी तार जोडली. दिवे, गिझर आणि दांडा यांच्या सगळ्या हिरव्या तारा तिने एकत्र आणल्या आणि बाहेर मीटरच्या पेटीत, जिथे घराची जुनी हिरवी तार येत होती, तिथे घट्ट आवळल्या. शिवाय नवी सुरक्षा-पेटी बसवली. वीज कुठे गळायला लागली की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करणारी ही पेटी. वायरमन तिला आरसीसीबी म्हणतात, आपण नुसती पेटी म्हणू. तिच्यावर परीक्षेचं एक छोटं बटण असतं. शालनने ते दाबलं. खट्कन आवाज झाला आणि घर बंद पडलं. तिने पेटी पुन्हा चढवली आणि पुन्हा दाबलं. पुन्हा खट्. तो आवाज तिला त्या दिवशी सनईसारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आबा येणार होते. सकाळी दहाला अण्णा आले, आणि त्यांनी बादली मागितली.

ब्लॉकवर ओतलेलं पाणी क्षणभर थबकलं, उतार शोधत फाटकाकडे निघालं आणि गटारात गेलं. एक थेंब खाली मुरला नाही. अण्णांनी ते सगळं जाऊ दिलं. मग ते चार पावलं डावीकडे सरकले, कंपाउंडची भिंत पाहिली, घराचा कोपरा पाहिला, मनाशी काही मोजलं आणि पायाने एक ब्लॉक ठोकला.

"शेठ, हे उचलावं लागंल. इथले दहा-बारा ब्लॉक."

अनंतशेठ भांड्यांचा व्यापार करणारे गृहस्थ. समोरच्याला दुखवायचं नाही हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. ते म्हणाले, "अण्णा, उचलू की. पण आधी आत येऊन दिवे बघा ना. शालनताईंनी काय काम केलंय! दिवाळी वाटते."

"दिवे पळून जात नाहीत," अण्णा म्हणाले. मग शालनकडे वळून त्यांनी विचारलं, "हिरवी तार दिव्यापासनं कुठं गेली?"

"मीटरच्या पेटीत."

"तिथनं?"

"जुन्या तारेला जोडली. ती जमिनीत जाते."

"कुठल्या जमिनीत?"

शालनने अंगणाकडे पाहिलं. फाटकापासून पायरीपर्यंत सगळीकडे एकसारखे करडे-तांबडे ब्लॉक. जमीन म्हणावी अशी जमीन त्या अंगणात कुठे दिसतच नव्हती. तिला आठवलं की तारा जोडताना जुनी तार मीटरच्या पेटीतून खाली गेलेली तिने पाहिली होती. खाली गेली म्हणजे जमिनीत गेली, असं ती धरून चालली होती.

"पण अण्णा, मी पेटीचं बटण दाबून बघितलं. दोनदा. दोन्ही वेळा पडली."

"पडणारच," अण्णा म्हणाले आणि ब्लॉकच्या फटीत पहार घातली.

त्यांनी तिला वीज बंद करायला लावली. मग दोघांनी मिळून ब्लॉक उचलले, आणि शेठजींनीही शेवटी सदऱ्याच्या बाह्या सरसावून हात लावला. खाली खडीची बारीक कच होती, कचीखाली मुरूम, आणि हातभर खणल्यावर बिडाचं एक गंजलेलं झाकण लागलं. अण्णांनी ते जुन्या ओळखीच्या माणसाला हाक मारावी तसं हाताने दोनदा थोपटलं. बावीस वर्षांपूर्वी या घराला वीज आली तेव्हा अर्थिंगचा हा खड्डा त्यांनीच खणला होता. आत लोखंडी पाइप उभा केला होता, ओल धरून राहावी म्हणून भोवती कोळसा आणि जाड्या मिठाचे थर दिले होते. कोळसा आणि मीठ पुरताना पाहून शेठजींच्या आईने ही करणी आहे असं समजून दुसऱ्या दिवशी तिथे लिंबू आणून ठेवलं होतं, ही आठवण शेठजींना तेव्हा झाली.

झाकण उघडलं. आत कोळशाचा भुगा झाला होता, आणि तो इतका कोरडा होता की अण्णांनी मूठभर उचलला तो वाऱ्यावर गेला. पण पाहण्यासारखं त्याच्या शेजारी होतं. खड्ड्यातल्या पाइपापासून मीटरकडे, त्या जुन्या हिरव्या तारेपर्यंत जाणारी लोखंडी पट्टी मधेच तुटलेली होती. ब्लॉक बसवायच्या आधी जमीन दाबायला यंत्र आणलं होतं. त्याच्या आड आलेली पट्टी मोडली असावी आणि तिच्यावर कच पडली असावी. कुणाचं लक्ष गेलं नाही. जमिनीत काय आहे, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

शालनने पट्टीचं मोडकं टोक हातात घेतलं. सहा दिवे, गिझर आणि आबांचा दांडा, एवढ्या सगळ्यांच्या हिरव्या तारा तिने निगुतीने एकत्र आणल्या होत्या, आणि त्या सगळ्यांचा शेवट या टोकाशी, हवेत होत होता.

"बस," अण्णा म्हणाले. ते स्वतः पायरीवर बसले. दहा वर्षांत न बोललेले अण्णा त्या दिवशी बोलले.

"पोरी, बटण दाबलं की पेटी स्वतःची परीक्षा घेती. आपल्याच पोटात जराशी गळती करती आणि आपणच पडती. त्यात जमिनीचा काही संबंध नाही. जमीन असू दे नाहीतर नसू दे, बटण दाबलं की ती पडणार."

"पण खरी गळती झाली असती, तरी ती पडलीच असती ना?" शालनने विचारलं.

"पडली असती. कधी, ते ऐक. खड्डा धड असता, तर दिव्यात बिघाड झाला त्या क्षणी वीज हिरव्या तारेनं खाली गेली असती. पेटी तिथंच पडली असती. आबा अजून खोलीत टॉवेल हुडकत असते. आता खड्डा तुटलाय. वीज हिरव्या तारेत येते आणि खाली वाट नाही म्हणून थांबते. सगळ्या दिव्यांत, गिझरात, दांड्यात बसून राहते. पेटीला त्याचा पत्ता नाही, कारण अजून कुठं काही गळलेलं नाही. मग आबा ओल्या पायानं आत येतात आणि दांडा धरतात. तेव्हा पेटीला कळतं."

शेठजी हातातली माती झटकायची विसरले.

"म्हणजे ती पडायला आबांचं अंग लागलं असतं," शालन हळूच म्हणाली.

"हो. धक्का क्षणाचाच. पण एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, ओली फरशी आणि खुब्यात सळई. पेटीनं तिचं काम चोख केलं, असं आपण म्हणालो असतो."

"आणि दांड्याला तार मीच जोडली. वरच्या दिव्यातली वीज त्यांच्या हातापर्यंत आणून देणारी. जोडली नसती, तर..."

"तर तेवढा धोका कमी होता," अण्णा म्हणाले. त्यांनी सारवासारव केली नाही. "पण जोडलीस हे बरोबर केलंस. पुन्हा असं काम आलं तर पुन्हा जोड. तुझ्या कामात मला एक खिळा हलवावा वाटला नाही, आणि मी आत न जाता सांगतोय, कारण तुझा हात मला माहीत आहे. फक्त एक. काळजी घ्यायला लागलो की ती जिथं संपते तिथवर आपण पायानं चालत जायचं असतं. आपण दिसतंय तिथवर जातो, नि पुढचं कुणीतरी केलंच असंल असं धरतो. अर्धी काळजी फार वाईट, पोरी. ती माणसाला बेफिकीर करती. काहीच केलं नसतंस, तर तू आबांना सांगितलं असतंस की जपून राहा. सगळं केलंय म्हणून तू निर्धास्त होतीस."

शालनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिने खाली पाहिलं, तेव्हा तिला काहीतरी आठवलं. दर उन्हाळ्यात, ऊन तापलं की अण्णा सायकल घेऊन गावात फिरत. ज्या ज्या घरांना त्यांनी वीज दिली होती तिथे जाऊन, काही उगवत नाही अशा कोपऱ्यात एक-दोन बादल्या पाणी ओतून येत. गाव त्याला अण्णांची बाग म्हणे आणि हसे. शालनही कधीकधी हसली होती. खड्ड्याची आकृती तिने परीक्षेत आठ मार्कांसाठी काढली होती. कोळसा, मीठ, ओलावा, सगळं नावानिशी दाखवलं होतं. पण ती आकृती आणि म्हाताऱ्याची बादली या दोन गोष्टी तिच्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या.

"अण्णा, ती तुमची बाग..."

"मुरमाची जमीन. उन्हाळ्यात वाळून दगड होती. वाळलेली जमीन वीज घेत नाही," अण्णा म्हणाले. मग जरा ओशाळून म्हणाले, "यंदा डोळ्यामुळं फिरलो नाही. फिरलो असतो तर ब्लॉक बसताना अडवले असते. आणि खरं सांगायचं तर दहा वर्षं तुला मागं घेऊन फिरलो, पण पाणी कशाला घालतो ते सांगितलं नाही. मला वाटलं, बघून कळंल. बघून सगळं कळत नाही. ही अर्धी काळजी माझी."

गुरूने असं म्हटल्यावर शिष्याने पाया पडायचं असतं, निदान गोष्टीत तरी. शालन उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "साडेअकरा झालेत. आबा चारला येणार. कोळसा कुठून आणायचा ते सांगा."

इस्त्रीवाल्याकडून कोळसा आला, किराणा दुकानातून जाडं मीठ आलं. शेजारच्या घरातून दोन बायका गच्चीवर येऊन उभ्या राहिल्या, आणि कोळसा, मीठ, लोखंड आणि घाईत असलेले अनंतशेठ हे सगळं एकत्र पाहून त्यांनी काय तर्क केले असतील ते त्यांनाच माहीत. जुना भुगा काढला, पाइप घासला, थर दिले, नवी पट्टी मीटरपासून खड्ड्यापर्यंत अखंड टाकली. ती शालनने स्वतः, गुडघ्यावर रांगत, हाताने चाचपत आणली. जिथे भिंतीआड जात होती तिथे भिंतीपलीकडे जाऊन पुन्हा हातात घेतली. मग पाणी घातलं. पहिल्या बादलीला जमिनीने आवाज केला, तहानलेलं जनावर करतं तसा. दुसरीही तिने तशीच पिऊन टाकली. तिसरीला पाणी थोडं वर राहिलं.

अण्णांनी पिशवीतून हाताने फिरवायचा त्यांचा जुना मोजणीयंत्राचा डबा काढला; जमीन विजेला किती अडवते ते तो दाखवतो, आणि आकडा जितका कमी तितकं बरं. जमिनीत दोन खुंट्या ठोकल्या, तारा लावल्या आणि मूठ शालनच्या हातात दिली. ती फिरवू लागली. काटा थरथरला आणि जिथे यायला हवा त्याच्याही थोडा अलीकडे येऊन थांबला. शालनने एकदा मोजलं, तारा काढून लावल्या, पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला लागली तेव्हा अण्णा हसले.

"पुरे. त्याला चक्कर यायची."

मग कुठे ते आत गेले. दिवे लावले. सहाही दिव्यांचा पांढरा, मऊ उजेड फरशीवर पडला. कोपऱ्यातलं चौरंगासारखं बसायचं स्टूल, भिंतीवरचा दांडा, साबणाची वडी, सगळं लख्ख दिसत होतं. अण्णांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, काही न बोलता बाहेर आले आणि मीटरच्या पेटीचं दार उघडलं. त्या गावच्या वायरमनांची एक रीत होती. काम झालं की पेटीच्या दारावर आतून, कुणाला दिसणार नाही असं, नाव आणि तारीख लिहायची. तिथे सोपान हे नाव होतं, बावीस वर्षांपूर्वीची तारीख होती. अण्णांनी कानावरची पेन्सिल काढून शालनला दिली.

"लिही."

तिने लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, पण तेवढं चालतं.

खड्ड्यावर पुन्हा ब्लॉक बसवायचे नाहीत, वीतभर उंचीचा कठडा करून जागा उघडी ठेवायची आणि तिला नेमाने पाणी घालायचं, असं ठरलं. घालणार कोण, हा प्रश्न आला. शेठजी दुकानात, सूनबाई शाळेत शिकवायला. चार वाजता गाडीतून उतरलेल्या आबांनी काठी टेकत सगळी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाले, "डॉक्टरनं मला रोज चालायला सांगितलंय. कुठं चालू, ते सांगितलं नव्हतं. मी घालतो."

पायरीपासून खड्ड्यापर्यंत बावीस पावलं होती. तांब्याभर पाणी, बावीस पावलं जायची, बावीस यायची. दोन महिन्यांत तांब्याची कळशी झाली.

वर्ष गेलं. त्या वर्षात शालनच्या नावाने गावात अनेक घरं उजळली. फाल्गुन संपता संपता एका सकाळी साडेसहाला तिचा फोन वाजला. पलीकडे आबा होते आणि ते संतापलेले होते.

"पोरी, तुझ्या दिव्यांनी मला दगा दिला! अंघोळीला निघालो, बटण दाबलं, खट् झालं आणि सगळं घर बंद. तीनदा पेटी चढवली, तीनदा पडली. गिझर थंड, पंखा बंद. माझी अंघोळ राहिली!"

शालन दहा मिनिटांत पोचली. एकेक दिवा सोडवत, तपासत गेली. शॉवरजवळचा तिसरा दिवा, अगदी दांड्याच्या वरचा. त्याच्या डोक्यावर जी छोटी डबी असते तिच्या आतली एक तार उष्णतेने सैल होऊन पत्र्याला टेकली होती. दिवा लावला की पत्र्यात वीज उतरत होती. पत्र्याला हिरवी तार होती. हिरवी तार मीटरच्या पेटीतून, पट्टीतून, खड्ड्यापर्यंत गेली होती, आणि खड्डा ओला होता.

ती शिडीवरून उतरली आणि आबांच्या स्टुलावर बसली.

"आबा, बटण दाबलंत तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"कुठं म्हणजे? दाराबाहेर. बटण बाहेरच बसवलंयस ना तू? एक हात बटणावर, एक काठीवर."

"आणि दांडा?"

"दांड्यापर्यंत पोचलोच कुठं?" आबा कडाडले. "सांगतोय काय मी मघापासनं! अंघोळ राहिली माझी!"

शालन हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले, आणि आबांना वाटलं, पोरीला आपलं बोलणं लागलं. ते लगेच नरमले. "बरं बरं. एक दिवस नाही केली म्हणून काही बिघडत नाही," म्हणाले.

बाहेर जाऊन तिने अण्णांना फोन केला. "अण्णा, आबांची अंघोळ राहिली," एवढंच आधी तिच्या तोंडून आलं. मग सगळं सांगितलं.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "उद्या करतील."

नवा दिवा बसवून ती अंगणात आली तेव्हा आबा कळशी भरून निघाले होते. अंघोळ नसली तरी नेम चुकवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. "आज मी घालते," शालन म्हणाली. "का? माझं काम आहे ते," आबांनी ठणकावलं. मग ती नुसतीच त्यांच्या बाजूने चालू लागली. हात धरला नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

फाटकाबाहेरून दूधवाला जात होता. गावात नवीन होता. उघड्या, गवताची काडीही नसलेल्या चौकोनात म्हातारा कळशी ओततोय हे पाहून त्याने सायकल थांबवली.

"आबा, काय लावलंय?"

"कोळसा आणि मीठ," आबा म्हणाले.

दूधवाल्याने शालनकडे पाहिलं. तिने मान हलवली, खरं आहे म्हणून. तो गेला. पाणी मुरेपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले.